जग कोसळणार म्हणून फ्लॅट विकू का?

ताई, मी ३२ वर्षांचा आहे. गाव गुहागर तालुक्यात, नोकरी ठाण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. गेलं दीड वर्ष मला धड झोप नाही. तेल संपत आलंय, हवामान बिघडलंय, कर्जाचा डोंगर झालाय, पुढच्या दहा वर्षांत हे सगळं औद्योगिक जग कोसळणार, असे व्हिडिओ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघतो. आणि नुसते व्हिडिओ नाहीत, आजूबाजूलाही तीच चिन्हं दिसतात. बायकोला सातवा महिना आहे. फ्लॅट विकावा (कर्ज अजून चौदा वर्षांचं आहे), गावी जावं, विहीर, सोलर, वर्षभराचं धान्य अशी सोय करावी, असं मनाने घेतलंय. बाबा गिरणीत होते. ते हसतात आणि म्हणतात, “आमची गिरणी बुडाली तेव्हा जग बुडालंच होतं की.” मला वेड लागलंय, की बाकीचे झोपलेत?

(याच पत्राखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: “ताई, गावी जायला माझी ना नाही. पण हा अंधारात बसून तांदूळ किती किलो लागेल याचा हिशेब करतो, त्याची मला भीती वाटते.”)

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बाबांच्या वाक्यापाशी थांबले. तुम्हाला वाटतं ते विषय हसण्यावारी नेतात. मला तसं वाटत नाही. ज्या गोष्टीच्या भीतीने तुमची झोप गेली आहे, तिच्यातून ते स्वतः एकदा गेलेत. आणि तुमच्या चार पानी पत्रात, तुम्ही त्यांना त्याबद्दल एक तरी प्रश्न विचारल्याचा उल्लेख नाही.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. तिथून पुढे सव्वाशे वर्षं कोकणातली घरं त्या भोंग्यावर चालली. भात चार-सहा महिने पुरायचं, उरलेलं वर्ष मनिऑर्डरवर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझे मामा लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्या पावसाळ्यात पोस्टमन आमच्या वाडीवरून न थांबता पुढे जायचा, आणि बायका ओटीवरून नुसत्या बघत राहायच्या. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. एका औद्योगिक जगाचा शेवट मी असा पाहिला. आवाज झाला नाही, पैसे यायचे थांबले.

मामा पुढे सांगायचे की ज्यांना बघायचं होतं त्यांना चिन्हं आधीपासून दिसत होती. नवे साचे येत नव्हते. एका साच्याचा भाग काढून दुसऱ्याला लावून दिवस काढायचे. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात निघत होतं. गिरणीतला नफा गिरणीत परत येत नव्हता, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग होत चालली होती. संपाने शेवटचा धक्का दिला, पण भिंत आतून आधीच पोकळ झाली होती. मामांचं हे बोलणं तेव्हा मला म्हाताऱ्याची कुरकुर वाटली. आता वाटतं, आपल्यापुढच्या प्रश्नाकडे बघण्याचा त्याहून चांगला धडा मला कोणी दिलेला नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. आजचा औद्योगिक समाज उतरणीला लागू शकतो का? लागू शकतो. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. हा डोलारा जमिनीतून उपसलेल्या इंधनावर उभा आहे. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. अलिबागजवळ थळला युरिया होतो तो नैसर्गिक वायूपासून. हवेतला नायट्रोजन खतात बांधायची ही युक्ती जर्मनीत १९१३ साली कारखान्यात उतरली, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न तिच्यावर अवलंबून आहे. म्हणजे आपण भात खातो तेव्हा थोडा वायूही खातोच. याच इंधनाच्या धुराने हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या वर गेला. अरबी समुद्र तापला, आणि त्याचे फटके आपल्या किनाऱ्याने मोजलेत.

तुमच्या व्हिडिओंमध्ये जे आलेख असतील ते बाजूला ठेवा आणि कधी पहाटे एखाद्या कोळ्याशी बोला. आजोबांच्या वेळी शिडाच्या होडीने किनाऱ्याजवळ जेवढं म्हावरं मिळायचं, तेवढ्यासाठी आज ट्रॉलर किती वाव पाण्यात जातो, डिझेल किती जाळतो, बर्फ किती नेतो, हे तो तुम्हाला बोटांवर सांगेल. टोपली तेवढीच, खर्च वाढत चाललेला. तेलाच्या विहिरींचंही नेमकं हेच आहे. सोपं तेल आधी निघालं, आता खोल समुद्रातून आणि खडक फोडून काढावं लागतं, आणि तेल काढायलाच जास्त तेल लागतं. आंब्याचंही बघा. पूर्वी कलमं बरीचशी आपल्या मनाने धरायची. आता मोहोर आणायला कल्टार नावाचं रसायन, मग तुडतुड्यांवर फवारणी, थ्रिप्सवर आणखी फवारणी, राखणीला नेपाळहून आलेले गडी, आणि एवढं करून मार्चमध्ये पाऊस पडला की मोहोर गेला. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जोसेफ टेंटर यांनी १९८८ साली मांडलं होतं की समाज प्रत्येक अडचणीवर आणखी एक थर चढवून मार्ग काढतात. सुरुवातीला त्या थराचा मोठा फायदा होतो, पुढे तोच फायदा मिळवायला खर्च फुगत जातो, आणि एक दिवस तो पेलेनासा होतो. बागायतदाराला हे समजवायला पुस्तक लागत नाही.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. ‘दहा वर्षांत’ या शब्दांशी मात्र माझं भांडण आहे.

माल्थसने १७९८ साली गणित मांडलं की माणसं अन्नापेक्षा वेगाने वाढणार. युक्तिवादात चूक काढणं अवघड होतं, पण पुढे येणारं खत त्याला दिसणं शक्य नव्हतं. हबर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९५६ साली सांगितलं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल. ते १९७० ला गाठलं, लोकांनी त्याला द्रष्टा म्हटलं. मग खडक फोडून तेल काढायची पद्धत रुळली आणि अमेरिकेने १९७० चा आकडाही मागे टाकला. १९७२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी लोकसंख्या, अन्न, कारखान्यांचं उत्पादन, प्रदूषण आणि खनिजसाठे ही पाच सूत्रं संगणकात गुंफून पाहिली. आहे तसंच चालू राहिलं तर याच शतकात कधीतरी चढ संपून उतार लागेल, असं त्यातून निघालं. पुढे काहींनी प्रत्यक्षातले आकडे त्या रेषांशी ताडून पाहिले, आणि ते बऱ्यापैकी जवळून गेलेत. तुम्हाला घाबरवणारे लोक हेच सांगतात. ते हे सांगत नाहीत की जुळलाय तो चढाचा भाग. उतार अजून यायचाय, आणि चढ जुळला म्हणून उतारही त्याच तारखेला जुळेल असं काही सिद्ध होत नाही. त्या अभ्यासकांनी स्वतःही हे भाकीत नाही, असंच म्हटलं होतं. जो तुम्हाला साल सांगतो, त्याला तुम्ही उद्या रात्रीही त्याचा व्हिडिओ बघायला हवे आहात, एवढंच धरून चाला.

मग बघायचं काय? माझं माहेर पेण तालुक्यातल्या खारेपाटातलं. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्या इतकी लगत की खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बस. बांधात खेकडे बिळं करतात. उधाणाचं पाणी बिळातून झिरपायला लागलं की दोन दिवसांत बोटाचा हात होतो, हाताची खांड होते, आणि खांडीतून भरतीचं पाणी शिरलं की ते शेत पुढची काही वर्षं मिठाने मेलं. माझ्या लहानपणी उधाणाच्या रात्री वडील कंदील घेऊन बांधावर जायचे. कुठे पाझर दिसला की हाळी घालायचे, आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. चिखल, पेंढा, दगड. पहाटेपर्यंत काम. तेव्हा खांडी पडत नव्हत्या असं नाही. प्रत्येक पावसाळ्यात पडायच्या.

पुढे मुलं कारखान्यांत लागली, बांधाची कामं सरकारकडे गेली, शेताचं उत्पन्न पगारापुढे किरकोळ झालं. एका वर्षी खांड पडली तेव्हा हाळीला चार म्हातारे आले. ती खांड अर्धवट बुजली. पुढच्या उधाणाला रुंद झाली. ही कोणी दुरुस्त करायची यावर अर्ज चालू राहिले. आज तिथे कांदळवन आहे. माझ्या आजीने राता भात काढलेल्या जमिनीत आता भरतीला बोटी फिरतात. समुद्र तर तोच होता, उधाणंही तीच.

म्हणून, तुमच्यासारखं मलाही रोज चिन्हं दिसतात, पण मी मोजते ते वेगळं. काय मोडलं याच्यापेक्षा मोडलेलं किती दिवसांत उभं राहिलं, आणि पहिल्यासारखं उभं राहिलं का, हे मी बघते. तात्पुरती सोय कायमची झाली का, हे बघते. आपलाच मुंबई-गोवा महामार्ग घ्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि कितीतरी माणसं घेऊन गेला. जुन्या पुलाकडे वेळेत कोणी बघितलं नाही, ही झाली खांड. त्याच ठिकाणी पुढच्या जूनमध्ये नवा पूल वाहता झाला. वर्षही लागलं नाही. ही झाली बुजवण्याची ताकद. आणि त्याच रस्त्याचं पनवेल ते इंदापूर हे रुंदीकरण २०११ पासून किती वर्षं रेंगाळलं, ते दर गणपतीला तुमच्या कंबरेने मोजलंय. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घराघरांत शिरली. नंतर लोक साखळी उपोषणाला बसले तेव्हा नदीतला गाळ निघायला लागला. म्हणजे काय म्हणायचं, आपण उतरणीवर आहोत की नाही? मला विचाराल तर एकाच महामार्गावर दोन्ही चालू आहे. एक पूल वर्षात होतो आणि एक रस्ता दशकात होत नाही, आणि कुठे माणसं हटून बसतात यावर फरक पडतो. यातून निराशही होता येत नाही आणि निश्चिंतही.

तुमच्या गुहागरात तर याहून मोठं उदाहरण उभं आहे. अंजनवेलचा वीजप्रकल्प १९९९ साली सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याची अमेरिकन मालक एन्रॉन दिवाळखोरीत गेली. देशातली सर्वांत मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून जे मिरवलं होतं, ते वीज कितीला पडणार या साध्या हिशेबावर बसलं. नंतर तो प्रकल्प दुसऱ्या नावाने पुन्हा उभा केला, आणि पुढे वायूच मिळेना म्हणून थंडावला. धूर नसलेली ती धुराडी लहानपणी तुम्ही पाहिली असणार. तुमच्या भीतीची मुळं तिथेही असतील का, असा विचार पत्र वाचताना मनात आला.

पुराणकाळाकडे बघायचं तर आपल्याच राज्यात इनामगाव आहे, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या ढवळीकर, सांकलिया, अन्सारी यांनी ते वर्षानुवर्षं खणलं. आधीच्या काळात तिथे चौकोनी, ऐसपैस घरं होती, गहू-जव होता, पाटाचं पाणी आणि त्याला बांध होता. ख्रिस्तपूर्व १००० नंतर घरं लहान गोल झोपड्यांची झाली, शिकार वाढली, आणि ७०० च्या सुमारास वस्ती उठली. त्या पडतीला साधारण तीनशे वर्षं लागली. बारा-पंधरा पिढ्या! प्रत्येक पिढीतल्या कोणालातरी बाळ होत होतं, आणि ते बाळ ज्या घरात जन्मलं तेच घराचं माप असं समजत असणार. हे मी धीर द्यायला सांगत नाही, उलट मला यात सगळ्यात जास्त भय वाटतं. उतार एवढा सावकाश असतो की त्यातला माणूस त्याला उतार म्हणत नाही.

आता गाव. गावाबद्दल तुमच्या मनात जे चित्र आहे ते मला दुरुस्त करावंच लागेल.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरात होते. दोन-अडीच तासांत वाडी आडवी झाली. नारळ मुळासकट, सुपाऱ्या मधोमध मोडलेल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात. वीज यायला आमच्याकडे महिना उलटला, फोन बंद, त्यात करोनाची टाळेबंदी. तुम्ही ज्याची तयारी करायची म्हणता ते सगळं एका दुपारी आमच्या अंगणात हजर झालं. सांगते काय कमी पडलं ते. तांदूळ कमी पडला नाही, पावसाळ्याची आगोट सगळ्यांच्या घरात भरलेली होती. पाणी काठोकाठ विहिरीत होतं आणि वर काढता येत नव्हतं. रहाट काढून मोटार बसवून वीस वर्षं झाली होती. शेजारच्या सत्तरीच्या काकूंनी माळ्यावरून जुनी कप्पी शोधून दिली आणि कळशीला फास कसा मारायचा ते कॉलेजातल्या पोरांना शिकवलं. रस्त्यावरची झाडं आमच्याच लोकांनी कोयत्या-कुऱ्हाडींनी तोडली. त्यात टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेले चाकरमानी होते, ज्यांना महिन्याभरापूर्वी याच गावाने शाळेत वेगळं ठेवलं होतं.

पण खांब आम्ही उभे करू शकलो नाही. ते बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमननी केले, ट्रकमधून आणलेल्या खांबांवर, डिझेलवर, भर पावसात चिखलात उभं राहून. त्यांच्यातल्या एकाला मी चहा दिला तर म्हणाला, “बाई, आमच्याकडे पूर आला की तुमच्याकडचे येतात.” गाव सावरलं कारण गावाबाहेरचं जग शाबूत होतं. कोकणातलं गाव हे काही बेट नाही की जग बुडालं तरी वर राहील. नांगर गेला, पॉवर टिलर आला. चूल गेली, सिलेंडर आला. मच्छीला बर्फ लागतो आणि बर्फाला वीज. शिवाय माणसं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. तुम्ही एकट्याने सोलर लावून, धान्य भरून, कुलूपबंद घरांच्या वाडीत जाऊन बसलात, तर खांड पडल्यावर हाळी कोणाला घालणार?

म्हणून माझं स्पष्ट मत: फ्लॅट आत्ता विकू नका, आणि बाळंतपण होईपर्यंत तर गावी जाण्याचा विषयही काढू नका. औद्योगिक समाजाने ज्या गोष्टी खरोखर चांगल्या केल्या त्यात बाळंतपण पहिलं आहे. १९५० च्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास वर्षाच्या आत जायची. २०२० मध्ये हा आकडा २८ होता. रक्तपेढी, ऑक्सिजन, थंड साखळीतून येणारी लस, हे सगळं आज तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ते आहे तोवर त्याचा पुरेपूर फायदा घ्या. यात भित्रेपणा नाही.

कर्जाचं मात्र मनावर घ्या. चौदा वर्षांचं कर्ज म्हणजे पुढली चौदा वर्षं पगार येत राहील आणि वाढेल यावर लावलेली पैज. तुम्हाला ज्याची शंका आहे नेमकी त्यावरच तुम्ही सही केली आहे. सोलर आणि इन्व्हर्टरला जे पैसे काढून ठेवलेत ते मुद्दलात भरा. संपाच्या काळात वाडीतली कुठली घरं उभी राहिली आणि कुठली मोडली, हे आठवून बघते तेव्हा जमीन किती होती याच्यापेक्षा सावकाराचं किती होतं याने फरक पडलेला दिसतो. माझ्या मामांचं कर्ज नव्हतं. ते दुसऱ्याच्या होडीवर गेले, मामी सोडे आणि सुकट विकायला लागली. तरी थोरल्या मुलीची शाळा सुटलीच. तिला आजही ते बोचतं.

घरात किती भरून ठेवावं? वर्षाचं नको. आपल्याकडे मिरगाच्या आधी आगोट करतातच. तांदूळ, मीठ, मसाला, आमसुलं, सुका जवळा, बोंबील, कांद्याच्या माळा, कोरडी लाकडं. तेवढीच पद्धत ठाण्यात लावा: महिनाभर पुरेल इतकं, रोजच्या खाण्यातलं, वापरून पुन्हा भरायचं. आगोट करताना आपल्या आज्या घाबरलेल्या नव्हत्या. पाऊस येणार, वाट बंद होणार, हे ठाऊक होतं म्हणून भरायच्या, आणि भरून झालं की झोपायच्या.

गावासाठी करायचं असेल तर सोलरच्या आधी सातबारा काढा. त्यावर आज किती नावं आहेत, किती वारस मुंबई-पुण्यात आहेत, हे बघा. कोकणात परतलेल्या कितीतरी मुलांची स्वप्नं सामाईक जमिनीच्या वादात अडकलेली मी पाहिली आहेत. बाबा धडधाकट आहेत तोवर चुलत्यांशी बसून वाटणी कागदावर आणा. मे महिन्यात घराची कौलं स्वतः चढून चाळा, मजूर लावू नका, किंवा मजुराबरोबर तुम्हीही चढा. विहिरीवर मोटार राहू द्या, पण कप्पी आणि दोरही असू द्या. आणि तुमच्या वाडीचं मुंबई मंडळ असेलच. तिथे जाताय का? बहुतेक नाही, तिथे साठीच्या पुढचे लोक चहा पीत वर्गणीवरून भांडत असतील. तरीही जा. गावातली शाळा, विहीर, स्मशानाची शेड हे सगळं अशाच भांडणाऱ्या लोकांनी उभं केलंय. तुमच्या पिढीतलं कोणी तिथे आलं नाही, तर त्या मंडळाची खांड बुजणार नाही.

पाच वर्षांनी, बाळ थोडं मोठं झाल्यावर, कर्ज अर्ध्यावर आल्यावर, तुम्हाला दोघांनाही गावी राहावंसं वाटलं तर जरूर जा. इंटरनेटवरून काम करता येतंच. तेव्हा तुम्ही ओळखीच्या माणसांत जाल.

झोपेचं शेवटी लिहितेय, पण करायचं आधी आहे. दीड वर्ष झोप नसलेल्या माणसाने फ्लॅट विकण्याएवढा निर्णय घेऊ नये. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर बोला, मराठीत बोलतात. काळजी खरी आहे म्हणून तिचा आजार होत नाही, असं नसतं.

आणि पत्नीला: तुम्ही एका ओळीत जे लिहिलंत ते त्याच्या चार पानांइतकंच महत्त्वाचं आहे. तांदळाचा हिशेब त्याला करू द्या, पण रविवारी सकाळी, तुमच्यासमोर, वाण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला. किती लागेल ते तुम्ही सांगा, त्याने लिहावं. घरात तीन तोंडं होणार आहेत तर तिघांचं लिहा.

बाबा ठाण्याला कधी येतात? बाळंतपणाला येतीलच. तेव्हा एका दुपारी दोघंही त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: ८२ च्या त्या पावसाळ्यात आपल्या घरात चूल कशी पेटली, उधार कोणी दिलं, काय विकलं, पहिल्यांदा पैसे कुठून आले. ते सांगतील ते लिहून काढा. मलाही पाठवा, आणि त्यांची हरकत नसेल तर तसं कळवा, मी ते या सदरात छापेन.